कुजणारा दोरा

घर कितीही लख्ख ठेवलं तरी प्रत्येक घराला एक कोपरा असतो. टाकवत नाहीत आणि ठेववतही नाहीत अशा वस्तू तिथं साठत जातात. तुमच्या घरी तो माळ्यावर असेल, नाहीतर जिन्याखाली. तुळसाच्या घरी तो अंगणाच्या कडेला, माडाच्या बुंध्याशी होता. रत्नागिरीजवळ भाट्याच्या खाडीला लागून तिची वाडी. तिथल्या प्रत्येक अंगणाला असा एक कोपरा होता आणि त्या प्रत्येक कोपऱ्यात एकच वस्तू होती : नायलॉनची फाटकी जाळी.

तुळसाचा नवरा गंगाराम खाडीत कुर्ल्यांचे, म्हणजे खेकड्यांचे, पिंजरे लावायचा. लोखंडी सळईचा सांगाडा, त्याला चारी बाजूंनी नायलॉनचं जाळं आणि आत आमिष म्हणून बांगड्याचं डोकं. पिंजऱ्याचं तोंड असं बांधलेलं, की कुर्ली वासानं आत शिरते, पण तिला परत फिरता येत नाही. बाजूला कुर्ल्या काढायचं दार, तेही नायलॉननंच शिवलेलं. खाऱ्या पाण्यानं सळई गंजायची, दगडांना घासून जाळं फाटायचं. तुळसा दोन-तीनदा सांधून द्यायची. मग तेही जमेनासं झालं की नवा पिंजरा यायचा आणि जुना जायचा कोपऱ्यात.

त्या ढिगाचं करायचं काय, हे कुणालाच कळत नव्हतं. घंटागाडीवाला लांबूनच हात हलवून पुढं जायचा. एकदा जाळून पाहिलं, तर काळा धूर थेट शेजारच्या आप्पांच्या पडवीत गेला आणि म्हातारा संध्याकाळभर खोकत राहिला. पुढं एके सकाळी त्या ढिगातून विषारी फुरसं निघालं, तेव्हा मात्र तुळसाचा धीर सुटला.

"अवो, खाडीत सोडून या ते एकदाचं," ती गंगारामला म्हणाली. "एवढी मोठी खाडी. कुणाला दिसणार हाय?"

"तरंगत परत काठाला लागलं तर लोक नावं ठेवतील."

"मग दगड बांधा."

गंगारामनं दगड बांधला. टाकायच्या जाळ्याला नवी दोरी कोण वाया घालवतो? परसात काथ्याचा जुना दोर पडला होता, तोच त्यानं घेतला. दोन मोडके पिंजरे आणि जाळ्यांचा गुंता होडीत घातला आणि खडपाच्या, म्हणजे खाडीतल्या खडकाच्या, मागं, माणसाची ये-जा नसते अशा जागी पाण्यात सोडून दिला. अंगण मोकळं झालं. तुळसानं सडा घातला आणि तिला खरोखरच सुटल्यासारखं वाटलं. वाडीतल्या इतरांनीही तेच केलं होतं, कुणी आधी तर कुणी नंतर. त्यात काही चुकतंय असं कुणाच्या मनातही आलं नाही.

या गोष्टीला दोन पावसाळे झाले.

जवळच्याच राजिवड्यातल्या फातिमाबाई दर आठवड्याला कुर्ल्या न्यायला यायच्या. बाई शाळेत विज्ञान शिकवायच्या, आता निवृत्त झाल्या होत्या. तुळसा सातवीपर्यंत त्यांच्याच हाताखाली शिकलेली. अजूनही बाई अंगणात आल्या की ती पदर सावरून उभी राहायची.

एका रविवारी बाई पडवीत टेकल्या आणि त्यांनी पिशवीतून जाड सुती दोऱ्याचा एक गुंडा काढला.

"गंगाराम, तुमच्याकडं एक मागणं आहे. प्रत्येक पिंजऱ्याचं दार उसवायचं आणि या दोऱ्यानं शिवायचं. बाकी पिंजरा आहे तसा राहू दे."

गंगारामनं दोरा बोटांत घेऊन ताणून पाहिला. "बाई, हा तर सुती. दोन-चार महिन्यांत कुजंल की!"

"कुजावा म्हणूनच तर आणलाय!"

गंगाराम हसला. आतून तुळसाही हसली. शाळेत शिकवून शिकवून बाईंचं आता वय झालं, असंच दोघांना वाटलं असणार.

"हसा," बाई म्हणाल्या. "पण मला सांगा, वर्षाला तुमचे किती पिंजरे हरवतात?"

"हरवतात की. उधाणात वाहून जातात, कधी बोटीच्या पंख्यानं दोरी तुटते."

"आणि हरवलेल्या पिंजऱ्यात कुर्ली शिरायची थांबते?"

गंगाराम दोऱ्याचं टोक बोटाला गुंडाळत राहिला. बाईच पुढं बोलल्या, "तुमचा हात तिथवर पोचत नाही, पण पिंजरा आपलं काम करतच राहतो. आत अडकलेली कुर्ली उपासानं मरते. तिच्या वासानं दुसरी येते, तीही मरते. मग तिसरी. तुमच्या टोपलीत ना एक, ना दुसरी. नायलॉन आहे तोवर हे चालूच. सुती दोऱ्याचं तसं नाही. पिंजरा तुमच्या ताब्यात आहे तोवर दोरा जुना झाला की तुम्ही बदलाल. हरवला की बदलणारं कुणी नाही. मग दोरा कुजतो, दार गळून पडतं आणि आतला जीव बाहेर जातो."

"पण बाई," तुळसा चुलीजवळून म्हणाली, "सूतच कसं कुजतं आणि नायलॉन कसं नाय?"

बाईंच्या चेहऱ्यावर एकदम वर्गातली कळा आली. "तुझं लुगडं कशाचं आहे?"

"सुती."

"हे सूप? बांबूचं. गोठ्यात पेंढा आहे, ताटाखाली केळीचं पान, भिंतीवर कॅलेंडरचा कागद, वर छपराला लाकडाचा वासा. दिसायला सगळं वेगळं. पण या सगळ्यांत मुख्य वस्तू एकच आहे, सेल्युलोज. आपल्याला हाडं उभं करतात ना, तसं झाडाला हे सेल्युलोज उभं करतं. पानं उन्हात साखर तयार करतात आणि त्या साखरेचे कण एकमेकांचे हात धरून लांबच लांब साखळ्या करतात. त्या साखळ्यांचाच धागा, त्यांचाच कागद, त्यांचंच लाकूड. कापूस तर जवळजवळ सगळाच सेल्युलोज. आणि झाडानं केलेली साखळी तोडणारेही निसर्गात आहेत. गाईच्या पोटातले बारीक जीव पेंढा पचवतात, वाळवीच्या पोटातले लाकूड. खाडीच्या चिखलातले जीव सुती दोरा खाऊन संपवतात. नायलॉन खाणारं मात्र तुमच्या खाडीत कुणीच नाही!"

"ते खरं असेल बाई," गंगाराम दोऱ्याचा गुंडा बाजूला ठेवत म्हणाला, "पण धंद्यात टिकणारी वस्तू लागते. कुजणारी नाय चालत."

बाईंनी वाद घातला नाही. कुर्ल्या घेतल्या आणि त्या गेल्या. गुंडा मागंच राहिला. तुळसानं तो पडवळाचा वेल मांडवाला बांधायला वापरला आणि ती विसरून गेली.

माघातल्या अमावास्येला ईशा येणार होती. ईशा ही त्यांची एकुलती एक लेक, देवरूखला राहून नर्सिंग शिकत होती. तिला आईच्या हातची कालवं फार आवडायची. अमावास्येची ओहोटी म्हणजे खाडी अगदी आत सरते, एरवी पाण्याखाली असणारी खडपं उघडी पडतात आणि त्यांना चिकटलेली कालवं हाती लागतात. पहाटे फटफटलं तशी तुळसा वाडीतल्या बायकांबरोबर टोपली आणि लोखंडी टोच घेऊन निघाली. मोबाइल भिजेल म्हणून घरीच ठेवला. गंगाराम त्याआधीच मिरकरवाड्याच्या बंदरावर गेला होता.

नेहमीच्या खडपावर कालवं बारीक निघाली. लेकीला बारीक कशी द्यायची? "मी जरा मागल्या बाजूला बघते," असं सांगून तुळसा खडपाला वळसा घालून पलीकडं गेली. बायका हसत-बोलत आपल्या कामाला लागल्या.

पलीकडं कालवं खरंच मोठी होती. टोपली अर्धी भरली. आणखी पुढच्या दगडावर तर झुबकेच्या झुबके दिसत होते. मध्ये फक्त एक पाण्याची चर होती. तुळसानं पाय टाकला आणि तो गुडघ्याच्या वरपर्यंत चिखलात गेला.

यात नवल काही नव्हतं. खाडीत जन्म गेलेल्या बाईला चिखलातून पाय काढता येतो. तिनं टाच फिरवली आणि पाय वर ओढला. पाय वर आला आणि मधेच थांबला. खालून कुणीतरी धरून ठेवावं तसा.

तिनं पुन्हा जोर केला. घोट्याभोवती काहीतरी आवळलं. वाकून हात घातला तर बोटांना बारीक चौकोन लागले. जाळं! एका चौकोनात अंगठा, दुसऱ्यात टाच, त्यावर पीळ बसलेला, आणि पोटरीला टोचणारी गंजकी सळई.

"अगो, जरा इकडं या!" तिनं हाक मारली. उत्तर आलं नाही. वारा समुद्राकडून होता, हाक काठाच्या दिशेनं उडून गेली. बायका खडपाच्या पलीकडं होत्या.

तुळसानं टोच घेतली आणि जाळ्यावर मारली. पाण्याखाली नायलॉन नुसतं बाजूला सरकायचं. मग तिनं कालवाची शिंप फोडून धारेच्या बाजूनं एक धागा घासायला घेतला. तो तुटला! तिला हुरूप आला. दुसरा तुटला. तिसऱ्याला शिंपच मोडली, तळहात कापला. धागे तरी किती? जाळ्याचे पदर एकात एक गुंतलेले. एक सोडवावा तर दुसरा आवळायचा.

इतक्यात पाणी फिरलं. आधी ते कळत नाही. चरीतला पालापाचोळा समुद्राकडं जायचा थांबतो, क्षणभर जागीच गोल फिरतो आणि हळूच उलट्या दिशेला निघतो. तुळसानं ते पाहिलं. अमावास्येची भरती! आता ही चर भरेल, हे खडप बुडेल, ती उभी आहे तिथं पुरुषभराहून जास्त पाणी होईल.

ती ओरडली. घसा बसेपर्यंत ओरडली. पलीकडल्या बायका भरतीच्या आधी निघून गेल्या असणार आणि तुळसा मागल्या वाटेनं घरी गेली असेल असं त्यांना वाटलं असणार. कुणाला दोष देणार?

दूरवर भाट्याचा पूल दिसत होता. त्यावरून एसटी गेली, मोटारी गेल्या. तिनं पदर सोडवून हवेत फडकवला. एक मोटारसायकलवाला थांबला, त्यानं पाहिलं आणि आनंदानं हात हलवला. खाडीत उभी असलेली बाई कालवं काढत असते, दुसरं काय करणार? तोही गेला. एवढं उघडं आकाश, चारी बाजूंना मोकळं पाणी, डोळ्यांपुढं चालतं-बोलतं जग, आणि हातभर जाळ्यानं तिला एका जागी खिळून ठेवलं होतं!

पाणी कमरेला लागलं. आता वाकलं की तोंड पाण्यात जायचं. श्वास धरून ती वाकायची, चाचपायची, ओढायची, धापा टाकत वर यायची. एका खेपेला जाळ्याचा एक पदर तिच्या हाताबरोबर वर आला. त्यात कुर्ल्यांची रिकामी कवचं होती. एक, दोन, कितीतरी. नांग्या तुटून वेगळ्या झालेल्या. एक फुगलेला मेलेला मासा. आणि या सगळ्यांच्या मध्ये एक जिवंत कुर्ली. तिचे देठावरचे काळे डोळे वर उचललेले होते आणि एक नांगी जाळ्याच्या चौकोनातून बाहेर आलेली होती. ती नांगी हळूहळू उघडत-मिटत होती.

आयुष्यभरात तुळसानं हजारो कुर्ल्या हाताळल्या होत्या. नांग्या बांधल्या, टोपलीत भरल्या, विकल्या, शिजवल्या. पण कुर्लीला अडकून पडल्यावर काय होत असेल, हे तिला कधी सुचलं नव्हतं. त्या रविवारी बाई म्हणाल्या होत्या, दुसरी येते, मग तिसरी. आता या रांगेत आपण!

तिनं जाळ्याचा तो पदर आणखी वर ओढला. हिरव्या जाळ्याला एका ठिकाणी तांबड्या धाग्यानं सांधलं होतं. वेडीवाकडी तिहेरी गाठ. अशी गाठ वाडीत दुसरं कुणी मारत नव्हतं. लहानपणी डाव्या हातानं शिकल्यामुळं ती गाठ उलटी पडायची आणि गंगाराम त्यावरून तिला हसायचा.

जाळं तिचंच होतं. दगड बांधा, असंही तिनंच सांगितलं होतं.

"देवा!" ती मोठ्यानं म्हणाली. पुढं काही मागायचं तिला सुचेना.

पाणी छातीला लागलं. तेव्हा मिरकरवाड्याच्या बाजूनं कुठल्याशा मोठ्या बोटीची लाट आली. लाटेनं तिला मागं ढकललं आणि तिनंही उरलंसुरलं बळ एकवटून अंग मागं झोकून दिलं. खाली काहीतरी सुटलं. तुटल्याचा आवाज नाही, हिसका नाही. शिजलेल्या अळूचा देठ ओढावा तसं ते अलगद निसटलं. तुळसा उताणी पाण्यात पडली, नाकातोंडात पाणी गेलं. पाय जाळ्यातच होता, सळई पोटरीत रुतलेलीच होती. पण आता ते सगळं ओझं तिच्याबरोबर हलत होतं!

जाळं दगडापासून सुटलं होतं.

ती पाय ओढत, हातानं पाणी मारत काठच्या खारफुटीकडं, कांदळाच्या झाडांकडं निघाली. दोनदा बुडाली. शेवटी एका फांदीवर हात पडला. तिनं झाडाच्या बुंध्याला मिठी मारली आणि तशीच लोंबकळत राहिली. पाणी चढतच होतं, पण झाड होतं. तिच्या बोटांत काहीतरी तपकिरी गुंतलं होतं. तिनं पाहिलं. काथ्याचे तंतू. बोटांनी दाबले तर विरघळल्यासारखे चुरत होते. दगडाला बांधलेला तो जुना दोर दोन पावसाळ्यांत कुजला होता. सगळ्या गुंत्यात तेवढी एकच वस्तू झाडापासून आलेली होती आणि तेवढ्याच वस्तूनं तिला सोडलं होतं.

"तुळसे! अगो, आवाज दे!"

गंगारामची होडी खडपाला वळसा घालून आली तेव्हा पाणी तिच्या गळ्याशी होतं. मिरकरवाड्याहून परत आल्यावर घर बंद दिसलं, बायका आल्या आणि तुळसा आली नाही हे कळलं, तसा तो अंगातला सदराही न काढता होडीत बसला होता. त्यानं तिच्या काखेत हात घालून तिला वर ओढलं. तिच्या पायाबरोबर तो सगळा गुंता होडीत आला. त्यानं सुरी काढली आणि भराभर जाळं कापायला घेतलं. आणि मध्येच त्याचा हात थांबला.

"ही गाठ..." तो म्हणाला.

तुळसानं त्या तांबड्या धाग्यावर बोट टेकवलं.

"हे आपलंच जाळं, तुळसे! मीच टाकलं. या हातानं टाकलं गो!" त्यानं सुरी बाजूला ठेवली.

"टाका म्हणून मीच म्हटलेलं," तुळसा म्हणाली. "आधी पाय सोडवा माझा."

पाय सोडवून झाला. रक्त येत होतं, तिथं त्यानं स्वतःचा सदरा फाडून बांधला. मग त्याचं लक्ष त्या जिवंत कुर्लीकडं गेलं. जाडजूड कुर्ली, बाजारात कुणीही झडप घालून घेतली असती. गंगारामनं तिच्याभोवतीचं जाळं एकेक धागा करत कापलं आणि तिला दोन्ही हातांनी पाण्यात सोडून दिलं.

सरकारी दवाखान्यात टाके पडले. ईशा बस स्टँडवरून थेट तिथंच आली, आईचा पाय मांडीवर घेऊन बसली आणि रडत राहिली. दोन दिवसांनी तुळसा घरी आली तेव्हा फातिमाबाई भेटायला आल्या. संत्री आणली होती. पायाकडं पाहून त्या नुसत्या तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसल्या. सुती दोऱ्याचं नावही त्यांनी काढलं नाही.

काढलं ते गंगारामनं. "बाई, तो दोरा अजून मिळंल का कुठं?"

बाईंनी त्याच्याकडं पाहिलं. "मिळेल," त्या म्हणाल्या. "हवा तेवढा मिळेल."

"पण बाई, काथ्याचा दोर दोन वर्सं कसा टिकला? तोही झाडाचाच की."

"काथ्यात सेल्युलोजबरोबर दुसरं एक चिवट लाकडी द्रव्यही असतं, म्हणून तो सावकाश कुजतो. सूत लवकर कुजतं. कोणतं कुठं वापरायचं, ते आपण ठरवायचं. निसर्गानं माणसाला एवढं दिलंय गंगाराम, कापूस, ताग, काथ्या, बांबू, पेंढा! काम असेपर्यंत टिकतं आणि काम संपलं की मातीत जातं. आपण मात्र एका दिवसाच्या कामालाही शंभर वर्षं टिकणारी वस्तू वापरतो आणि ती नजरेआड केली की संपली असं समजतो."

"नजरेआडच केली होती मी," तुळसा हळूच म्हणाली.

पाय टेकवता यायला लागल्यावर तिनं वाडीची बैठक बोलवायला लावली. देवळाच्या आवारात सगळे जमले. गंगारामनं तो गुंता मध्ये आणून टाकला. त्यातल्या रिकाम्या कवचांचा ढीग पाहून बायका चुळबूळ करू लागल्या.

आप्पा आधी बोलले. वाडीत त्यांच्या शब्दाला मान होता. "तुळसावर वाईट वेळ आली, ते खरं. पण दोन जाळी बाहेर काढून खाडी साफ व्हायची नाय. वरच्या गावांतून काय काय वाहून येतं. आणि काढलेलं तरी ठेवायचं कुठं? घंटागाडी घेत नाय. जाळलं तर मीच मरतो! आपण सगळे अडकलेलेच आहोत यात."

काही जणांनी माना डोलावल्या. बरोबरच होतं ते. तुळसा आजवर बैठकीत कधी बोलली नव्हती. ती काठीच्या आधारानं उठली.

"आप्पा, अडकणं म्हणजे काय ते मी बघून आले," ती म्हणाली. "पुलावरनं माणसं जात होती. मी हात हलवला तर तेही हात हलवत होते. पाणी इथवर आलं होतं आणि पायाला ओढणारी गाठ माझीच होती. वरच्या गावचं जाळं नव्हतं ते. माझं होतं! वरचे काय करतात ते मी नाय थांबवू शकत. पण माझं जाळं तर मी परत घरी आणू शकते. उद्या तिथं तुमची सून गेली असती, नातवंडं गेली असती, तर?"

आप्पांनी ढिगातलं एक कवच उचलून पाहिलं. मग म्हणाले, "पंचायतीत मी येतो. शेड मागू. जाळी तिथं जमा करू. भंगारवाल्याशी मी बोलतो, नेणारा कुणीतरी मिळंल."

ते सोपं गेलं असं नाही. पंचायतीनं आधी टोलवाटोलवी केली. एका भंगारवाल्यानं हात झटकले, दुसरा तयार झाला, तोही धुऊन, वाळवून दिलं तरच. पण पुढच्या पौर्णिमेच्या ओहोटीला अख्खी वाडी खाडीत उतरली. खडपाच्या मागून, कांदळाच्या मुळांतून जाळी निघत राहिली. आपापल्या गाठी ओळखून माणसं ओशाळत होती. आप्पांच्या घरच्या, कांदळाच्या फांद्यांत लटकलेल्या जाळ्यात एक घार अडकून वाळलेली निघाली. आप्पा तिथंच दगडावर बसले आणि त्यांनी डोक्याला गुंडाळलेलं टापरं सोडून मांडीवर ठेवलं.

गंगारामनं सगळ्या पिंजऱ्यांची दारं सुती दोऱ्यानं शिवली. वरचेवर दोरा बदलायचं काम वाढलं, त्यावरून तो कुरकुरायचाही. एकदा आळस केला तर दार भर धंद्यात गळून पडलं आणि कुर्ल्या पसार झाल्या. त्या दिवशी त्यानं फातिमाबाईंच्या नावानं बोटं मोडली आणि संध्याकाळी पुन्हा मुकाट्यानं दोरा भरत बसला. हळूहळू वाडीतल्या इतरांनीही ते उचललं.

त्या पावसाळ्यात खाडीला मोठा पूर आला. काठावर बांधून ठेवलेले पिंजरे दोऱ्यांसकट वाहून गेले. पाऊस संपून पाणी निवळल्यावर एके दिवशी ओहोटीच्या वेळी आप्पा चिखलानं माखलेले, लगबगीनं तुळसाच्या अंगणात आले. हातात त्यांचाच हरवलेला पिंजरा होता. सळई गंजलेली, जाळं मात्र धड. दार एका कडेला लोंबत होतं. सुती दोऱ्याचा मागमूसही उरला नव्हता.

"बघ तुळसा, बघ! आत काय नाय! एक कवचसुद्धा नाय!"

गंगाराम, तुळसा, आजूबाजूच्या बायका, सगळे भोवती जमले. रिकामा पिंजरा हातोहात फिरला. जन्मभर भरलेल्या पिंजऱ्यासाठी झटलेली ती माणसं त्या दिवशी रिकामा पिंजरा पाहून हसत होती!

मित्रहो, आपण बाजारात जातो तेव्हा वस्तू किती टिकेल हे आवर्जून विचारतो. ती संपेल कशी, हे मात्र कुणी विचारत नाही. आपण टाकलेली प्रत्येक वस्तू कुठंतरी पडलेली असते, आणि तिथं कुणाचा ना कुणाचा तरी पाय पडणार असतो. जे झाडानं घडवलं आहे ते माती परत घेते. जे माती घेत नाही, ते सांभाळायची जबाबदारी ज्याच्या हातून सुटलं त्याचीच आहे, ती खाडीवर ढकलता येत नाही. वापरताना जिथं सूत पुरतं तिथं सूत वापरू, कागद पुरतो तिथं कागद. आणि नायलॉनवाचून चालणारच नसेल, तर ते घेऊन गेलेल्या हातांनीच परत आणू. एवढं केलं तरी पाण्याखालची कितीतरी दारं उघडतील.